‘कुठल्या पेपरात येणार ओ?’ : सोलापूरच्या रस्त्यावर फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी

सोलापुरात रस्त्यावर कॅमेरा बाहेर काढला की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी विचारतंच, ‘कुठल्या पेपरात येणार ओ?’ मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी आणि जमेल तेव्हा संध्याकाळी शहरात फोटो काढत असतो; रस्त्यानं जाणाऱ्या, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांचे. हा प्रश्न मला चहावाल्यापासून हवालदारापर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. सुरुवातीला राग यायचा. या प्रकारच्या फोटोंबद्दल जे वाचलं-ऐकलं होतं त्यात एकच मंत्र असायचा: गर्दीत विरघळून जा, कुणाला दिसू नका. मोठ्या शहरात जमत असेल. आपल्याकडे मधल्या मारुतीच्या चौकात उभं राहून कुणाला न दिसणं अशक्य आहे. कोण, कुणाचा, काय करतोय, एवढी चौकशी झाल्याशिवाय इथला रस्ता माणसाला सोडत नाही.

मग लपायचा नाद सोडला. एकाच ठिकाणी इतका वेळ उभा राहायला लागलो की लोक चौकशी करून कंटाळले आणि आपापल्या कामाला लागले. त्यानंतरचे फोटो बरे यायला लागले. खाली जे सांगतोय ते बहुतेक या एका सवयीभोवतीच फिरतं.

कॅमेरा असेल तो

नवा घेऊ नका. निदान सहा महिने तरी नकोच. खिशातला फोन पुरतो. फोनच्या मुख्य लेन्सचा आवाका बराच रुंद असतो, साधारण चोवीस ते सव्वीस मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे समोरचा माणूस फ्रेममध्ये नीट मोठा दिसायला हवा असेल तर तुम्हाला त्याच्या जवळ जावं लागतं. हीच या कामातली अर्धी तालीम. झूम करून लांबून टिपायची सवय लागली की फोटोत माणूस येतो, पण रस्ता येत नाही. चोरून काढल्याचा वास त्या फोटोला येतो तो वेगळाच.

कपाटात लग्नाच्या वेळी घेतलेला, किट लेन्सचा म्हणजे सोबत मिळालेल्या साध्या लेन्सचा डीएसएलआर पडून असेल तर तोही उत्तम. १८-५५ मिलिमीटरची लेन्स १८ वर ठेवायची आणि विसरून जायची.

फोनवाल्यांनी घरातून निघतानाच शटरचा आवाज बंद करावा आणि आवाज कमी-जास्त करायच्या बटणानं फोटो निघतो का ते तपासून घ्यावं. रस्त्यावर स्क्रीनवरचा गोल शोधत अंगठा फिरवण्यात माणूस निघून जातो. आणि लेन्स पुसा. खरंच पुसा. दिवसभर खिशात राहिलेल्या फोनवर बोटांचा तेलकट थर असतो आणि संध्याकाळी दिव्यांच्या भोवती जी धुरकट वलयं येतात ती बहुतेक वेळा त्याचीच करामत. टॉवेलचं गाव असलं तरी टॉवेलानं पुसू नका. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचा तुकडा खिशात ठेवा.

चादरीएवढं अंतर

रस्त्यावर फोकस करायला वेळ मिळत नाही. तुम्ही फोकस करेपर्यंत सायकलवरचा माणूस पुढच्या चौकात पोचलेला असतो. म्हणून जुने लोक फोकस आधीच ठरवून ठेवायचे आणि कॅमेरा फक्त उचलायचे. तुम्हीही तेच करा.

किट लेन्स १८ वर, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ८ वर आणि फोकस हातानं दोन मीटरवर. एवढं केलं की साधारण एका मीटरपासून लांबपर्यंत सगळं चालेल इतपत स्पष्ट येतं. मोठ्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरची लेन्स असेल तर हाच आकडा सव्वातीन मीटर धरा. तिथे दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं मिळतं. फोनवाल्यांना ही काळजी फारशी नाही. फोनचा सेन्सर इतका लहान असतो की समोरचं जवळपास सगळंच फोकसमध्ये असतं.

आता दोन मीटर म्हणजे किती, हे डोळ्याला कसं कळणार? घरातली सिंगल सोलापुरी चादर जमिनीवर पसरा. साधारण नव्वद इंच लांब असते, म्हणजे सव्वादोन मीटर. एका टोकाला तुम्ही उभे राहा, दुसऱ्या टोकाला घरातल्या कुणालातरी उभं करा. कमरेपासून डोक्यापर्यंत माणूस किती मोठा दिसतो ते बघून ठेवा. चार दिवस हे केलं की रस्त्यावर समोरून येणारा माणूस ‘चादरीच्या टोकाला’ आला हे आपोआप कळतं आणि बोट दाबलं जातं. नव्या पोरांना मी हेच सांगतो. आधी हसतात, मग करतात.

शटर स्पीड, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं राहतं ते, चालत्या माणसासाठी १/२५० पेक्षा कमी नको, सायकल-रिक्षासाठी १/५०० बरा. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ऑटोवर सोडा. सकाळच्या उन्हात आयएसओ ४०० असला तरी एफ ८ वर एवढा वेग सहज मिळतो. सावलीच्या बोळात शिरलात की आयएसओ वर चढतो आणि फोटोत थोडे दाणे येतात. येऊ द्या. दाणेदार फोटो बघवतो, हललेला सहसा बघवत नाही.

याबाबतीत स्वतःची फजिती सांगतो. आदल्या रात्री घरात पोरीच्या वाढदिवसाचे फोटो काढले होते, शटर १/३० वर तसाच राहिला. सकाळी मार्केट यार्डात डोक्यावर कांद्याची गोणी घेतलेल्या हमालांची अख्खी रांग समोरून आली. एकामागून एक सोळा फोटो काढले, सोळाही धुक्यात गेल्यासारखे. तेव्हापासून चप्पल घालायच्या आधी सेटिंग बघतो.

नवी पेठेतल्या दुकानांसमोर किंवा रात्रीच्या चहाच्या गाड्यावर फोटोत आडवे काळे पट्टे आले तर कॅमेरा बिघडला असं समजू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटरला दिसतं. अशा ठिकाणी शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. माणूस चालताना थोडा हलेल, म्हणून उभ्या माणसाकडे वळा.

एक कोपरा धरा

नवखा माणूस पहिल्या दिवशी साताठ किलोमीटर चालतो. पार्क चौकातून नवी पेठ, तिथून टिळक चौक, मधला मारुती, कन्ना चौक, अशोक चौक. घरी येतो तेव्हा पाय दुखत असतात आणि फोटो सगळे पाठमोरे असतात. कारण तो चालतोय आणि रस्त्यावरचा माणूसही चालतोय. दोघांनी एकमेकांना गाठायचं कधी?

एक कोपरा निवडा आणि महिनाभर तोच ठेवा. निवडताना तीन गोष्टी बघा. माणसं तिथे काही कारणानं थबकत असली पाहिजेत: वळण, पाणपोई, चहाचा गाडा, रिक्षा थांबा. मागची बाजू साधी असावी. बंद शटर, जुन्या वाड्याची भिंत, रंग उडालेली पाटी. आणि दिवसातून एकदा तरी तिथे तिरपं ऊन पडलं पाहिजे.

चार पुतळ्यांचा चौकच घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे. त्यांच्याभोवती दिवसभर माणसं रिक्षाची, मित्राची, कामाची वाट बघत उभी असतात. थांबलेली माणसं म्हणजे नवशिक्याला पर्वणीच. पण तिथे पार्श्वभूमी फसवते. खालून फोटो काढला की पुतळ्याचा हात कुणाच्यातरी डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. एक पाऊल डावीकडे सरकलं की सुटतं. हे एक पाऊल सरकणं अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं.

लक्ष्मी मंडई वेगळीच. तिथे जागा अरुंद, माणूस तुमच्या अंगावरच येतो, त्यामुळे लाज लवकर मोडते. पण वर बांधलेल्या ताडपत्र्यांनी रंगाचा घोळ होतो. निळ्या ताडपत्रीखाली कोथिंबीर काळपट आणि माणूस आजारी दिसतो. पिवळीखाली सगळेच हळद लावून बसल्यासारखे. हे नंतर दुरुस्त करायला बसण्यापेक्षा दोन ताडपत्र्यांच्या फटीतून जिथे उन्हाची तिरीप पडते तिथे उभं राहा आणि वाट बघा. कुणीतरी त्या तिरिपीत येतंच.

पूर्व भागात गेलात तर कान आधी काम करतात. यंत्रमागाच्या खटखटीवरूनच गल्ली कळते. दारं उघडी असतात, आतला माग रस्त्यावरून दिसतो, आणि आत शिरायचा मोह होतो. शिरू नका. शेड हे कुणाचं तरी कारखान्याचं आवार आहे. मालकाला किंवा मागावरच्या कामगाराला विचारून, चहा पिऊन, ओळख झाल्यावर मग. आणि तिथे लेन्स बदलू नका. हवेत सुताचे बारीक तंतू इतके असतात की सेन्सरवर जाऊन बसतात.

ऊन

आपल्या शहराला उन्हाची कमतरता नाही, पण फोटोच्या कामाचं ऊन थोडंच. सकाळी सूर्य वर आल्यापासून दोनेक तास आणि संध्याकाळी मावळायच्या आधीचे दोन. जुन्या पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत मात्र हिशोब वेगळा. तिथे ऊन उशिरा उतरतं. नऊ-दहाच्या सुमाराला घराच्या माळवदावरून एक पट्टा गल्लीत पडतो, अर्धी गल्ली उजेडात, अर्धी अंधारात. त्या कडसावलीवर फोकस धरून उभं राहायचं. सावलीतून माणूस उजेडात पाय टाकतो तेव्हा क्षणभर डोळे बारीक करतो, हात कपाळाशी नेतो. तेवढाच फोटो.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, उजेडावर बांधा, सावलीवर नाही. फोनमध्ये उजेडातल्या भिंतीवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर तिथे कुलूपबंद होतं. मग शेजारची सूर्याची खूण थोडी खाली ओढा. आपल्याकडे पांढरी टोपी आणि पांढरं धोतर खूप. भर उन्हात पांढरी टोपी आणि तिच्याखाली सावळा चेहरा आला की फोन चेहऱ्याकडे बघतो आणि टोपीचा नुसता पांढरा डाग करतो. टोपीची शिवण दिसेपर्यंत एक्स्पोजर खाली आणा. चेहरा काळोखात गेला तर घरी थोडा उजळता येतो, जळालेली टोपी परत येत नाही.

मार्च ते मे दुपारी बारा ते चार घरात बसा. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रस्त्यावर माणूस नसतो, असला तर उपरण्यात तोंड गुंडाळलेला असतो, आणि उन्हात धरलेला फोनही तापून बंद पडतो. अपवाद म्हणून एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी नक्की निघा. त्या सुमाराला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. विजेच्या खांबाची सावली खांबातच गडप होते, माणसाची त्याच्या चपलेखाली. विचित्र दिसतात ते फोटो, जमिनीपासून सुटल्यासारखे. पाणी प्या आणि अर्ध्या तासात परत या.

रंगीत काढायचे की कृष्णधवल, हा वाद नव्यांना फार आवडतो. सोलापुरात तरी मी रंगाच्या बाजूनं. छायाचित्रकार रघुवीर सिंग यांनी रंगच धरून ठेवला आणि भारतातला रस्ता रंगात कसा मांडायचा ते दाखवून दिलं. चादरीच्या दुकानाबाहेर लटकलेले लाल-हिरवे-निळे जॅकार्ड चौकोन आणि त्यांच्यासमोरून जाणारी जांभळ्या इरकलीतली आजी, हे काळ्या-पांढऱ्यात काढून काय मिळवणार?

आधी जागा, मग माणूस

फोटो काढायची सोपी रीत ही: रिकामी चौकट आधी जुळवायची. मागची भिंत, उन्हाचा पट्टा, कोपऱ्यातली उभी सायकल, सगळं नीट बसवून घ्यायचं आणि माणूस येण्याची वाट बघायची. येणारा माणूस तुम्हाला बघतो, त्याला वाटतं हा भिंतीचा फोटो काढतोय. बरेच जण थांबतात, ‘काढा काढा, मग जातो’ म्हणतात. इतकी सभ्य माणसं आहेत आपली की फोटोची वाट लागते! अशा वेळी हातानं खूण करून ‘या ओ मामा, तुम्ही चला’ म्हणायचं. चालताना ते किंचित लाजतात, त्या लाजेचाही फोटो होतो.

एका चौकटीत वीस-पंचवीस फोटो झाले तरी चालेल. पावलं पाहा: पुढचा पाय पडलेला आणि मागची टाच उचललेली असेल तेव्हाच चालणं चालण्यासारखं दिसतं, दोन्ही पाय जवळ आले की माणूस लंगडतोय असं वाटतं. दोन माणसं एकमेकांवर चढू देऊ नका, मध्ये बोटभर फट राहू द्या. बाकीचे चौकटीचे नियम पुष्कळ आहेत, पहिल्या वर्षी एवढे दोन पुरतात.

नजर भिडली की

खरी भीती इथे असते. कॅमेरा, ऊन वगैरे बहाणे आहेत. बोट थरथरतं ते समोरच्यानं बघितलं म्हणून.

समोरच्यानं बघितलं की कॅमेरा झटकन खाली घेऊ नका. चोर तसं करतो. एक क्षण थांबा, मान हलवा, हसा. दहातले आठ जण हसतात किंवा दुर्लक्ष करून पुढे जातात. नववा प्रश्न विचारतो, ‘कुठल्या पेपरात येणार?’ त्याला खरं सांगा. ‘पेपरात नाही ओ काका, छंद आहे. हा बघा तुमचा फोटू.’ पेपरवाला आहे, अशी थाप मारू नका. उद्या ते काका खरोखर पेपर उघडून बघतात आणि परवा तुम्ही त्याच कोपऱ्यावर उभे असता.

दहावा चिडतो. ‘कायको निकाल रहा?’ ‘का बे, कशाला काढला?’ वाद घालायचा नाही. रस्त्यावर फोटो काढायला बंदी नाही, हे बरोबर असलं तरी ते सांगायची ही वेळ नव्हे. त्याच्यासमोर फोटो पुसा, फोनच्या हटवलेल्या फोटोंच्या कप्प्यातूनही काढा, आणि ‘चुकलं, पुसला’ म्हणा. माझ्या बाबतीत असं पुसून झाल्यावर निम्म्या वेळा त्याच माणसानं विचारलंय, ‘पुसायला नको होता, बरा आला होता काय?’ तरी परत काढायला जाऊ नका. तो म्हणाला तरच.

विचारून काढायचा की न विचारता? दोन्ही. जिथे माणूस रस्त्याचा भाग आहे, गर्दीत चालतोय, तिथे विचारलं तर फोटोच उरत नाही. जिथे तो एकटा बसलाय आणि तुम्ही तीन हातांवर जाऊन नुसता त्याचाच चेहरा काढणार आहात, तिथे विचारा. हाक नीट मारा. वयस्क माणसाला काका किंवा मामा, पूर्व भागात आणि कन्नड घरांच्या वस्तीत अण्णा, बाईला मावशी किंवा अक्का. या एका शब्दावर निम्मं काम होतं. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी चारी भाषा एकाच चौकात ऐकू येतात. फोटो दाखवल्यावर समोरचा ‘बागुंदी’ म्हणाला किंवा ‘छलो अद’ म्हणाला तर पसंत पडला असं समजा.

विचारल्यावर माणूस सावधान होतो, ही मोठी अडचण. छाती पुढे, हात बाजूला, शाळेच्या फोटोसारखा. तो फोटो काढा, मनापासून काढा आणि त्याला दाखवा. तो समाधानानं परत आपल्या कामाला लागतो, कपातला चहा बशीत ओततो, टोपी सारखी करतो. तुम्ही अजून तिथेच उभे आहात. दुसरा फोटो आता घ्यायचा.

कॅमेरा छातीपाशी धरून काढलेला फोटो कमी दचकवतो. व्हिव्हियन मायर नावाची बाई शिकागोत मुलं सांभाळायचं काम करायची आणि फावल्या वेळात रस्त्यावर फोटो काढायची; तिच्या हातात बराच काळ रोलिफ्लेक्स कॅमेरा असायचा, ज्यात वरून खाली वाकून बघावं लागतं. डोळ्यावर काही रोखलेलं नाही म्हटल्यावर माणसं सैल राहतात. तिच्या एक लाखाहून जास्त निगेटिव्ह मागे राहिल्या आणि २००७ साली तिचं सामान लिलावात निघालं तेव्हा कुठे जगाला त्या सापडायला लागल्या. फोनही छातीपाशी धरून स्क्रीन वरून बघता येतो. मात्र कमरेशी लपवून, दुसरीकडे बघत काढायचा प्रकार करू नका. पकडले गेलात तर सांगायला तोंड राहत नाही.

इथे कॅमेरा खाली

आधी कायदा थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर उघडपणे फोटो काढायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ वाचून ठेवा: स्त्री एखादी खासगी कृती करत असताना, आपल्याला कुणी बघत नाही असं तिनं धरून चालणं रास्त असेल अशा ठिकाणी, तिचं चित्रण करणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद. कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. चांगली फ्रेम मिळेल म्हणून एखाद्या बाईच्या मागे चार चौक चालत गेलात तर तुमचा छंद कुणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं २०१७ मध्ये सांगितलेलंच आहे. रेल्वे स्टेशन, विमानतळ, पोलिसांचा बंदोबस्त इथे कुणी थांबवलं की थांबायचं. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हातातल्या कॅमेऱ्याचं ठीक, तिपाई न्यायची तर आधी परवानगी.

कायद्याच्या अलीकडची कुंपणं मी स्वतःला घालून घेतली आहेत. विड्या वळणाऱ्या बायका पूर्व भागात दारातच सूप मांडीवर घेऊन बसतात. रस्ता सार्वजनिक असला तरी उंबरठा घरातच मोडतो. बोलल्याशिवाय, विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही, आणि त्या ‘नको’ म्हणाल्या तर गल्लीच्या टोकावरून चोरूनही काढायचा नाही. दवाखान्याबाहेर रडणारी माणसं, अंत्ययात्रा, दारू पिऊन पडलेला माणूस, भान हरपलेली बाई: नाही. भीक मागणाऱ्यांचे फोटो नव्या माणसाला हमखास काढावेसे वाटतात, कारण ते हलत नाहीत आणि तक्रार करत नाहीत. त्याच कारणासाठी काढू नयेत. मुलं स्वतःच ‘ओ काका, माझा काढा’ करत अंगावर येतात; काढा, दाखवा, पण आई-बापाला विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका.

गड्डा आणि बाकी गर्दी

गर्दीत लाज वाटत नाही, म्हणून पुष्कळ जण गड्ड्यातच, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेतच, सुरुवात करतात. जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या आगेमागे, सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेले मानकरी, ‘बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ चा गजर, आणि सगळ्या शहराचा एकच लोंढा. पण तिथे प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो, आणि नंदीध्वजाचा तुमचा फोटो शेजारच्यासारखाच येतो. मिरवणुकीकडे पाठ करा. गच्चीवरून वाकून बघणारी कुटुंबं, बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, नंदीध्वज पुढे गेल्यावर रस्त्यावर सांडलेल्या अक्षतांतून चपला शोधणारा माणूस. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या वाटेत मात्र चुकूनही येऊ नका. उंच काठीचा तोल सांभाळणाऱ्याला तुमच्या फ्रेमशी देणंघेणं नसतं.

होम मैदानावरचे पाळणे संध्याकाळी बघा, दिवे लागल्यावर आणि आकाश पूर्ण काळं व्हायच्या आधी. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ, चौदा एप्रिल, आषाढीच्या आधी शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी, ही सगळी ठिकाणं सरावाला चांगली. सगळीकडे तोच उपाय: पाठ वळवा.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो निवडू नका. त्या रात्री फोटो दिसत नाही, तो काढताना तुम्हाला आलेला घामच दिसतो. पंधरा दिवस तसेच ठेवा. मग बघा आणि निर्दयपणे काढून टाका. शंभरात एक राहिला तर महिना चांगला गेला. मी पहिल्या वर्षाचे चार हजारांवर फोटो परवा पुन्हा पाहिले, ठेवण्याजोगे सात निघाले. त्यातले तीन एकाच कोपऱ्यावरचे.

ऑनलाइन टाकताना खाली काय लिहिता तेही बघा. ‘कन्ना चौक, सकाळी नऊ’ एवढं पुरे. अनोळखी माणसाच्या फोटोखाली ‘गरिबीतही हसू’, ‘कष्टाचे हात’, ‘आयुष्याच्या संध्याकाळी’ असलं काही लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी वैताग आहे. ते काका कदाचित तीन मागांचे मालक असतील आणि सहज टपरीवर बसले असतील.

आणि फोटो छापा. चार बाय सहाची प्रिंट थोडक्या पैशांत निघते. मागे पेन्सिलीनं जागा, तारीख आणि एक खूण लिहा, कारण नाव तर माहीत नसतं: ‘तुळजापूर वेस, हिरवा मफलर’, ‘लक्ष्मी मंडई, लिंबू’. पुढच्या खेपेला ते पाकीट बरोबर न्यायचं. लिंबूवाल्या मावशींना प्रिंट दिली तेव्हा त्यांनी ती पदराला पुसली, नीट बघितली, शेजारणीला दाखवली आणि म्हणाल्या, ‘पेपरात नाही आला तर नाही.’ वर चार लिंबं दिली, पैसे घेतले नाहीत. आता मी तिथे तासभर उभा राहिलो तरी कुणी वळून बघत नाही.

पाकिटात सध्या अकरा प्रिंट पडून आहेत. हिरव्या मफलरचे आजोबा मागच्या थंडीपासून दिसले नाहीत. वेशीजवळच्या चहावाल्याकडे एक प्रत ठेवून आलोय, आले तर द्या म्हणून.